व्यवहारातला ‘म्हणून’

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गाणी, नाट्यप्रवेश आणि हळदीकुंकू ह्यांच्यामध्ये मला अर्धा तास दिलात ह्याबद्दल मी मंडळाची आभारी आहे. विषय थोडा रुक्ष आहे, हे मी जाणून आहे. ‘धंद्याच्या बोलण्यात दडलेली गृहीते’ असे भारदस्त नाव कार्यक्रमपत्रिकेवर छापले आहे. परंतु विषय आपल्या सर्वांच्या पदरच्या पैशाचा आहे, तेव्हा थोडा धीर धरून ऐकावे अशी विनंती आहे.

आपणांपैकी बहुतेकींना ठाऊक आहेच, की कार्यकारिणीपुढे एक प्रस्ताव आलेला आहे. मंडळाने पापडाचे यंत्र घ्यावे. यंत्राची किंमत 1 लाख 80 हजार रुपये. यंत्र विकणारे गृहस्थ म्हणतात, की तयार पापड आम्हीच परत विकत घेऊ, आणि नऊ महिन्यांत यंत्राची किंमत भरून निघेल. मंडळाच्या शिलकेत आज 2 लाख 40 हजार रुपये आहेत. ते कोणा देणगीदाराने एका दिवसात दिलेले नाहीत. वर्गणी, दिवाळीच्या फराळाची विक्री आणि सहलीतून वाचलेले दहा-वीस रुपये असे करीत ते कित्येक वर्षांत साठले आहेत. पुढच्या महिन्याच्या सर्वसाधारण सभेत ह्या पैशाचे काय करावयाचे ते ठरणार आहे. प्रस्तावाच्या बाजूने किंवा विरुद्ध मत मागायला मी उभी नाही. असा प्रस्ताव वाचावा कसा, एवढेच मला सांगावयाचे आहे.

मी तीस-बत्तीस वर्षे हिशेब तपासण्याचे काम केले. फसलेल्या धंद्यांचे कागद पाहिले की बेरीज-वजाबाकीची चूक क्वचितच सापडते. आकडे बहुधा बरोबर असतात. जे वाक्य कागदावर लिहिलेलेच नसते, त्यात चूक असते. ते वाक्य सर्वांनी मनातल्या मनात मान्य केलेले असते, आणि मान्य केले आहे हे कोणाच्या ध्यानातही आलेले नसते. ह्यालाच गृहीत म्हणतात.

हे न लिहिलेले वाक्य शोधायचे कसे? त्याला एक सोपी खूण आहे. बोलणाऱ्याच्या तोंडी ‘म्हणून’ हा शब्द आला, की तेथे बोट ठेवावे. ‘आपल्या वसाहतीत चारशे बिऱ्हाडे आहेत, प्रत्येक घरी रोज पोळ्या होतात, म्हणून पिठाची गिरणी हमखास चालेल.’ पहिली दोन वाक्ये खरी आहेत, कोणीही मोजून पाहावे. पण ह्या दोन वाक्यांवरून तिसऱ्यावर उडी मारताना मध्ये काय काय मानले गेले? प्रत्येक घरी गहू दळून आणतात, तयार पिठाची पिशवी आणीत नाहीत, असे मानले गेले. आज ज्या गिरणीत दळण जाते तेथून ते आपल्याकडे येईल, असेही मानले गेले. त्या बाया आपली नेहमीची गिरणी का सोडतील, ह्याचा विचार झालाच नाही.

ही विद्या परकी आहे असे समजू नका. आपल्या न्यायशास्त्राने हीच गोष्ट फार पूर्वी सांगितली, आणि गंमत अशी, की त्या थोर पंडितांनी दाखल्यासाठी स्वयंपाकघरच निवडले. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे. का? तर जेथे जेथे धूर असतो तेथे तेथे अग्नी असतो, जसा स्वयंपाकघरात. हा मधला नियम उघड बोलून दाखवलाच पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. आता हेच उलटे करून पाहा. अग्नी आहे, म्हणून धूर असलाच पाहिजे. हे खरे का? तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, पण धूर नाही. धूर येण्यासाठी सर्पण ओले असावे लागते. ह्या न बोललेल्या अटीला त्यांनी ‘उपाधी’ असे नाव दिले. चुलीशी ज्यांनी दिवस काढले त्या आपल्या आयाआज्यांना पंडितांनी हे शिकवण्याची गरज नव्हती. व्यवहारात आपण एवढेच विचारावयाचे, की बाबा रे, तुझ्या ह्या ‘म्हणून’च्या आड ओले सर्पण कोणते आहे?

आता घरचेच उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या मंडळाने दिवाळीत चकली, करंजी आणि चिवडा करून विकला. विक्री 10 हजारांची झाली. डाळ, तेल, साखर, पिशव्या असा खर्च 7 हजार झाला. नफा 3 हजार. सगळ्या आनंदल्या, आणि कोणी तरी म्हणाल्या, ‘पाच दिवसांत तीन हजार सुटले, म्हणून हे काम बारा महिने करू या.’

ह्या ‘म्हणून’वर बोट ठेवा. सहा जणी पाच दिवस रोज चार तास राबल्या. म्हणजे 120 तास झाले. तीन हजारांना एकशेवीसने भागले तर तासाला 25 रुपये पडतात. आणि तेही कोणाच्या घरचा गॅस, कोणाची कढई, कोणाच्या ओट्याचे भाडे हे काहीही न धरता. येथे दडलेले वाक्य असे आहे, की बाईच्या श्रमाला किंमत नाही. ते कोणी मोठ्याने बोलले असते तर सगळ्याजणी उठून भांडल्या असत्या. पण कागदावर मजुरीचा रकानाच नसला, की आपण ते मुकाट्याने मान्य करतो. दुसरे दडलेले वाक्य असे, की दिवाळीत जे गिऱ्हाईक येते तेच वैशाखातही येईल. दिवाळीत घरोघरी फराळ हवा असतो, त्यामुळे आपला माल खपला. वैशाखात तीच बाई चकलीला इतके पैसे मोजील का, हे तिला विचारल्याखेरीज कळायचे नाही.

आपण साध्या बायका म्हणून असे होते, असे मात्र मानू नका. जेथे पदवीधर व्यवस्थापकांची फौज असते आणि हाताशी वाटेल तेवढा पैसा असतो, तेथेही हेच घडते.

केलॉग ही अमेरिकेतील कॉर्नफ्लेक्स करणारी जुनी कंपनी. 1994 मध्ये तिने आपल्या देशात विक्री सुरू केली. तिचा हिशेब वरवर पाहता बिनतोड होता. हिंदुस्थानात कोट्यवधी माणसे आहेत, सकाळी सगळे काही तरी खातात, घरात दूध असते, म्हणून मक्याचे हे तयार पोहे खपतील. आता ह्यात न बोललेले वाक्य कोणते, ते ह्या सभेतल्या कोणाही गृहिणीने सांगावे. कंपनीने धरले होते, की दूध थंड घेतात! आपल्याकडे दूध तापवल्याखेरीज पोटात जात नाही, आणि पुष्कळ घरी सकाळी ते गरमच लागते. गरम दुधात ते कुरकुरीत पोहे घातले, की क्षणात त्यांचा लगदा व्हायचा. शिवाय सकाळी पोहे, उपमा, इडली, पराठा असे काही तरी ऊन ऊन आणि तिखटमीठ लागलेले खाण्याची आपली सवय. पहिली काही वर्षे विक्री अपेक्षेप्रमाणे झाली नाही. पुढे कंपनीने आपल्या लोकांच्या सवयी पाहिल्या, मालात आणि जाहिरातीत फेरफार केले, आणि ती येथे टिकली. चुकीचे गृहीत वेळेवर ध्यानात आले तर धंदा सावरता येतो, हाही ह्यातला धडा आहे.

दुसरे उदाहरण नॅनो मोटारीचे. पावसात एका स्कूटरवर नवरा, बायको आणि मुले असे चौघे कसरत करीत जाताना पाहून रतन टाटा ह्यांच्या मनात आले, की अशा कुटुंबासाठी परवडणारी मोटार असावी. हेतू फार चांगला होता. जानेवारी 2008 मध्ये ती मोटार दिल्लीच्या प्रदर्शनात मांडली गेली आणि किंमत सुमारे 1 लाख रुपये जाहीर झाली. पश्चिम बंगालमधील सिंगूरचा कारखाना जमिनीच्या वादामुळे सोडावा लागला आणि गुजरातेत साणंद येथे नवा उभारला गेला. त्याची क्षमता वर्षाला अडीच लाख मोटारींची होती. पण कोणत्याही वर्षी विक्री एक लाखापर्यंतही पोचली नाही, आणि 2018 मध्ये उत्पादन थांबले. कारणे अनेक होती. सुरुवातीचा उशीर झाला, किंमत वाढत गेली, काही गाड्यांना आग लागल्याच्या बातम्या आल्या. पण एक कारण आपल्या विषयाचे आहे. ‘स्कूटरवाल्यांना मोटार परवडत नाही, म्हणून सर्वांत स्वस्त मोटार आली की ते घेतील,’ ह्या बोलण्यात असे मानले होते, की माणूस मोटार केवळ ऊनपाऊस चुकवण्यासाठी घेतो. आपण घरी मोटार आणतो तेव्हा शेजारीपाजारी पेढे वाटतो, तिला हार घालतो. जिला सगळा गाव ‘सर्वांत स्वस्त’ म्हणून ओळखतो ती दाराशी उभी करण्यात पुष्कळांना कमीपणा वाटला. सर्वांत स्वस्त अशी तिची ओळख करून दिली ही चूक झाली, हे रतन टाटांनी स्वतःही पुढे बोलून दाखवले.

आता पापडाकडे वळते. पापड म्हटले, की कोणी तरी लिज्जतचे नाव घेतेच, आणि ते घ्यावेही. 15 मार्च 1959 रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती भगिनींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटे झाली. आज त्या संस्थेत चाळीस हजारांहून अधिक भगिनी आहेत. त्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट ह्यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. हे ऐकून ऊर भरून येतो. पण त्याच भरात कोणी म्हणते, ‘लिज्जतच्या बायकांनी पापडावर एवढे साम्राज्य उभे केले, म्हणून आपणही पापड करू या.’

येथे दडलेले वाक्य असे, की त्यांच्या यशाचे कारण पापड होते. भगिनींनो, पापड तर घरोघरी होत होते! लिज्जतचे वेगळेपण त्यांच्या रीतीत होते. पीठ एके ठिकाणी मळून सर्वांना वाटायचे, म्हणजे चव एकच राहते. प्रत्येकीने ते घरी नेऊन लाटायचे, वाळलेले पापड परत आणून द्यायचे आणि लाटणावळ तेथेच घ्यायची. देणगी घ्यायची नाही. लाटणारी प्रत्येक भगिनी संस्थेची मालकीण समजायची. ही शिस्त त्यांनी वर्षानुवर्षे पाळली. आणि हेही ध्यानात ठेवा, की पापड करून ज्यांचे दिवाळे निघाले त्या बायकांना कोणी व्याख्यानाला बोलावीत नाही. व्यासपीठावर जिंकलेलेच येतात, आणि त्यांच्याकडे पाहून आपण सगळ्याच जिंकतात असे मानून चालतो.

लिज्जतच्याच पहिल्या वर्षातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. पावसाळा आला आणि पापड वाळेनात. चार महिने काम बंद ठेवावे लागले. पापडाच्या धंद्यात ऊन हे भांडवलच, पण ते कोणाच्या यादीत नव्हते. ते रोज फुकट मिळत होते, म्हणून कोणाच्या लक्षात आले नाही. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी विकत घेतली. खाटेवर पापड पसरायचे, खाली शेगडी ठेवायची. गृहीत उघडे पडले तेव्हा त्यांनी रडत न बसता त्यावर तोड काढली. ह्या सात जणींकडून घ्यावयाचा धडा मला तरी हाच दिसतो.

आता जरा कटू गोष्टींकडे येते. ‘माल आम्हीच परत घेऊ’ हे वाक्य ऐकायला फार गोड आहे, कारण विक्रीची सगळी काळजी त्याने मिटते. तामिळनाडूत ईरोड जिल्ह्यातील पेरुंदुराई येथे एमू नावाचे मोठे पक्षी पाळण्याच्या योजना निघाल्या. शेतकऱ्यांनी पैसे भरून पक्षी घ्यायचे, सांभाळायचे, आणि दरमहा रक्कम व शेवटी परत खरेदी अशी हमी. 2012 मध्ये त्या कोसळल्या. आपल्याकडे सांगली जिल्ह्यात इस्लामपूर येथील एका कंपनीने कडकनाथ कोंबड्यांची अशीच योजना काढली होती. पिल्ले आणि खाद्य कंपनीने द्यायचे, अंडी आणि पक्षी चढ्या भावाने कंपनीनेच परत घ्यायचे. 2019 मध्ये तो व्यवहार कोसळला, पोलिसांत तक्रारी झाल्या, आणि कोंबड्या मात्र शेतकऱ्यांच्या गळ्यात पडल्या. खायला तर रोज घालावेच लागे!

कडकनाथ कोंबडी खोटी नव्हती. झाबुआकडची ती जात प्रसिद्धच आहे. मग दडलेले वाक्य कोणते? कंपनी परत घेते, म्हणून मालाला मागणी आहे, असे लोकांनी मानले. पण कंपनी काही ती अंडी खात नाही. शेवटी ती कोणाच्या ताटात पडतात? त्या खाणाऱ्याला त्यांची किती किंमत परवडते? तो खाणारा दिसत नसेल, तर आधी आलेल्यांना द्यायचे पैसे बहुधा नंतर येणाऱ्यांच्या भांडवलातूनच निघतात. नवे लोक यायचे थांबले, की सगळे थांबते. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

ह्याच जातीचे दुसरे एक आमंत्रण आपणांपैकी पुष्कळींना आलेले असेल. ‘तुम्ही फक्त सहा मैत्रिणी जोडा, त्या प्रत्येकी सहा जोडतील, आणि तुम्हांला घरबसल्या पैसे मिळतील.’ सहा मैत्रिणी कोणाला नाहीत? येथे मानलेले असते, की मैत्रिणी संपणारच नाहीत. आपण गणित करू. सहा, मग छत्तीस, मग 216, मग 1,296. पाचव्या पायरीवर 7,776. म्हणजे एक मोठे गावच झाले. दहाव्या पायरीवर 6 कोटी 4 लाखांहून अधिक. अकराव्या पायरीवर 36 कोटींहून अधिक, आणि 2011 च्या जनगणनेत तान्ह्या मुलांसकट साऱ्या महाराष्ट्राची लोकसंख्या होती सुमारे 11 कोटी 24 लाख. तेराव्या पायरीवर हा आकडा 1,306 कोटींवर जातो. एवढी माणसे पृथ्वीवरही नाहीत! अशा साखळीत शेवटच्या पायरीवरच्या बायका सर्वांत जास्त असतात, आणि पैसे त्यांचेच बुडतात. पैशाची अशी साखळी चालवण्यास 1978 च्या कायद्याने बंदी आहे. तरी नावे बदलून ती पुन्हा दाराशी येते, आणि बहुधा आपल्याच भावजयीच्या किंवा मैत्रिणीच्या तोंडून येते, म्हणून नाही म्हणणे जड जाते.

आतापर्यंतच्या बोलण्यावरून असे वाटेल, की ही विद्या केवळ ताक फुंकून पिण्यासाठी आहे. तसे नाही. दुसऱ्याच्या गृहीतामुळे आपली वाट अडते तेव्हाही ती उपयोगी पडते. सातारा जिल्ह्यात माण तालुक्यात म्हसवड म्हणून गाव आहे. भाग कायम दुष्काळी. तेथल्या कष्टकरी बायकांना बचत ठेवण्यासाठी स्वतःची बँक हवी होती. चेतना गाला सिन्हा ह्यांच्या पुढाकाराने त्यांनी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला. तो नामंजूर झाला. कारण असे, की बँक काढणाऱ्या पुष्कळ बायकांना लिहिता-वाचता येत नव्हते, अर्जावर अंगठे होते. म्हणजे युक्तिवाद असा झाला: ह्यांना अक्षर येत नाही, म्हणून ह्यांना बँक चालवता येणार नाही.

ह्या ‘म्हणून’मधले न बोललेले वाक्य त्या बायकांनी अचूक पकडले. अक्षर येत नाही त्याला हिशेबही येत नाही, असे साहेबांनी धरले होते. त्या साक्षरतेच्या वर्गाला बसल्या, आणि पुन्हा अधिकाऱ्यांसमोर गेल्या. त्यांचे सांगणे असे, की वाचता येत नाही कारण आमच्या लहानपणी शाळा नव्हती. पण मोजता आम्हांला येते. कोणत्याही रकमेचे व्याज आम्हांला विचारा, आणि तुमच्या अधिकाऱ्यांनाही यंत्र न वापरता तेच करायला सांगा. कोण आधी सांगते ते पाहू. 1997 मध्ये त्यांना परवाना मिळाला आणि माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. त्या बायकांनी आरडाओरडा केला नाही, दयाही मागितली नाही. साहेबांच्या बोलण्यातला नेमका कच्चा दुवा त्यांनी त्यांच्यापुढे ठेवला. आपल्याविषयी ‘बायका आहेत, म्हणून जमणार नाही’ असे कोणी म्हणेल, तेव्हा म्हसवडच्या बायका आठवाव्यात.

आता आपल्या यंत्राकडे येऊ. प्रस्तावाचा कागद मी वाचला आहे. त्यात लिहिले आहे, की यंत्रातून रोज 40 किलो पापड निघतील, कच्चा माल आणि वीज जाऊन किलोमागे 20 रुपये सुटतील, म्हणजे रोज 800 रुपये. महिन्याचे 26 दिवस धरले तर 20,800 रुपये. म्हणून नऊ महिन्यांत 1 लाख 80 हजार वसूल. मी भागाकार करून पाहिला. तो बरोबर आहे.

आता न लिहिलेली वाक्ये पाहू. पहिले, ह्या कागदावर मजुरी नाही. दोन बायकांनी रोज सहा तास काम केले आणि तासाला 50 रुपये धरले, तर रोजची मजुरी 600 रुपये होते. आठशेतून सहाशे गेले, उरले 200. महिन्याला 5,200. मग यंत्राची किंमत भरून यायला नऊ महिन्यांऐवजी जवळजवळ तीन वर्षे लागतील. दुसरे, रोज पूर्ण 40 किलो माल निघेल आणि सगळा पसंत पडेल असे धरले आहे. करारात मात्र ‘योग्य प्रतीचा माल’ असे शब्द आहेत. योग्य कोण ठरवणार, ते लिहिलेले नाही. निम्माच माल घेतला गेला, तर मिळकत 400 आणि मजुरी 600, म्हणजे रोज 200 रुपयांची खोट. नाकारलेल्या मालाचे पीठमसाले गेले ते निराळेच. तिसरे, यंत्र विकणारे गृहस्थ तीन वर्षे धंद्यात राहतील असे धरले आहे. चौथे, आपला पापड शेवटी कोण खातो आणि कोणत्या दुकानातून घेतो, ह्याचा कागदावर उल्लेखच नाही.

ह्याचा अर्थ प्रस्ताव वाईट आहे असा होत नाही. ही वाक्ये खरीही ठरू शकतील. पण ती खरी आहेत की नाहीत हे पैसे देण्यापूर्वी पाहता येते, आणि पाहण्याला फारसा खर्च येत नाही. ते गृहस्थ ज्यांचा माल आज घेतात अशा दोन-तीन मंडळांची नावे मागावीत, आणि तेथे आपण स्वतः जाऊन यावे. वर्षभर झालेल्यांना भेटावे, कालपरवा यंत्र घेतलेल्यांना नव्हे. किती माल नाकारला गेला आणि पैसे किती दिवसांनी मिळाले, एवढे दोनच प्रश्न विचारले तरी पुष्कळ कळेल. आपला पापड जेथे विकला जातो असे सांगतात, त्या दुकानात जाऊन एक पाकीट विकत घ्यावे. आणि हे सगळे होईपर्यंत हाताने लाटलेले दहा किलो पापड आपल्या आपण आळीत विकून पाहावेत. गिऱ्हाईक आहे की नाही हे समजण्यासाठी यंत्र लागत नाही, पोळपाट-लाटणे पुरते.

विचारण्याच्या रीतीविषयीही थोडे सांगते. आपल्यात प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे समजण्याची पद्धत आहे. त्यातून सांगणारा पुरुष असला, वयाने मोठा असला, किंवा ओळखीतून आलेला असला, की आपण गप्प बसतो आणि मग घरी जाऊन कुरकुरतो. ‘तुम्ही खोटे बोलता’ असे कोणालाही म्हणावे लागत नाही. ‘दादा, हे नऊ महिन्यांत होण्यासाठी काय काय घडायला हवे, तेवढे लिहून द्या,’ असे म्हणावे. ज्याचा व्यवहार सरळ आहे तो आनंदाने लिहून देईल, कदाचित त्यालाही न सुचलेले एखादे कलम त्यात निघेल. जो चिडेल, किंवा ‘आजच सही करा, उद्या भाव वाढेल’ म्हणेल, त्याने आपले उत्तर दिलेच आहे. आणि आपल्यातल्या ज्या भगिनीला हा प्रस्ताव मनापासून आवडला आहे तिच्यावर रागावू नये. उत्साह तिच्याजवळ आहे आणि प्रश्न आपल्याजवळ. मंडळाला दोन्ही लागतात.

घरात आपण भाजीवाल्याकडून मेथीची जुडी घेतो तेव्हा ती वरून हिरवीगार दिसली तरी दोरा सैल करून आत पाहतो. त्यात भाजीवाल्याचा अपमान होत नाही. तोही जाणून असतो, की ही बाई पाहून घेणारी आहे, आणि पुढच्या खेपेला बरी जुडी काढून ठेवतो. सर्वसाधारण सभेला येताना प्रत्येकीने प्रस्तावाचा कागद अशाच नजरेने एकदा वाचून यावे. जेथे ‘म्हणून’ दिसेल तेथे पेन्सिलीने रेघ मारावी, आणि शेजारी एकच ओळ लिहावी: हे खरे ठरायला काय खरे असावे लागेल? चाळीस सभासदांनी एकेक ओळ आणली, तर एखाद्या मोठ्या कंपनीच्या संचालकांनाही जमणार नाही इतकी चांगली तपासणी आपण करू. मग यंत्र घ्यायचे ठरो वा न घ्यायचे ठरो, तो निर्णय आपण उघड्या डोळ्यांनी घेतलेला असेल.